उजेडाच्या आड

ज्ञानाला प्रकाश म्हणण्याची संवय मनुष्यजातीला इतकी जडली आहे कीं ती एक उपमा आहे याचाहि आपणांस विसर पडतो. अज्ञानाला अंधार म्हणावें, गुरूला दीप म्हणावें, शिकलेल्याला डोळस म्हणावें आणि अडाण्याला आंधळा. या सर्व बोलण्याच्या मुळाशीं एकच समजूत असते, ती ही कीं जेथें उजेड अधिक तेथें दिसणेंहि अधिक. रोजच्या व्यवहारापुरती ही समजूत खरी आहे. परंतु तिच्यांत एक फसवणूक दडलेली आहे. अंधारांत सांपडलेल्या मनुष्याला निदान एवढें तरी ठाऊक असतें कीं आपणांस दिसत नाहीं. तो हात पुढें करून चांचपडतो, पाऊल जपून टाकतो, जवळ कोणी आहे कीं काय म्हणून हांक मारून पाहतो. उजेडामुळें ज्याला एखादी वस्तु दिसत नाहीं त्याच्या मनांत असली कोणतीच शंका येत नाहीं. त्याचे डोळे उघडे असतात, समोर लख्ख प्रकाश असतो, आणि त्या प्रकाशांत जें दिसत नाहीं तें नाहींच असें तो सहज धरून चालतो. ‘दिव्याखालीं अंधार’ ही आपली म्हण या गोष्टीच्या जवळ येते, पण तिला नेमका स्पर्श करीत नाहीं; कारण त्या म्हणींतला दोष अखेर अंधाराचाच आहे. येथें विचार करावयाचा आहे तो प्रत्यक्ष ज्योतीनेंच जें झांकलें जातें त्याचा.

रत्नागिरीच्या मांडवीवर जे संध्याकाळचे फिरावयास जातात त्यांना हें फार समजावून सांगावें लागणार नाहीं. पायाखालीं ती काळसर वाळू, उजवीकडे रत्नदुर्गाचा डोंगर व त्यावरचें दीपगृह, डावीकडे भाट्याच्या खाडीचें मुख, आणि समोर थेट क्षितिजापर्यंत मोकळा समुद्र. सूर्य उतरणीला लागला म्हणजे त्याच्यापासून किनाऱ्यापर्यंत पाण्यावर एक झळझळीत पट्टा पडतो. त्या पट्ट्याच्या अलीकडे-पलीकडे असलेली होडी कोणाची, तिच्यावर माणसें किती, ती परतते आहे कीं निघाली आहे, हें जाणता मनुष्य जेटीवर बसल्याबसल्या सांगतो. पण तीच होडी त्या पट्ट्यांत शिरली कीं कपाळावर हात आडवा धरला तरी दिसेनाशी होते. थोड्या वेळानें दुसऱ्या बाजूनें बाहेर पडते आणि पुन्हा होडी होते. मधल्या वेळांत ती बुडाली असें कोणी म्हणत नाहीं, कारण तिला आंत शिरतांना पाहिलेलें असतें. परंतु जी होडी क्षितिजापासूनच त्या पट्ट्यांतून सरळ किनाऱ्याकडे येत असेल तिचें काय? तिला शिरतांना कोणीं पाहिलें नाहीं, म्हणून तिची वाट कोणी पाहत नाहीं, आणि ती दिसत नाहीं याची चुटपुटहि कोणाला लागत नाहीं. प्रस्तुत लेखाचा विषय ही दुसरी होडी आहे.

आकाशांतहि असा एक पट्टा आहे. पृथ्वी ज्या वाटेनें सूर्याभोंवतीं फिरते तिच्या आंतल्या बाजूस बुध आणि शुक्र हे दोन ग्रह आहेत हें शाळेंतील मुलेंहि जाणतात. त्या आंतल्या अंगणांत लहान लघुग्रहहि फिरत असले पाहिजेत असा ज्योतिषांचा तर्क होता. १९९८ सालीं हवाई बेटांतून तसा एक दिसला, पण त्याची कक्षा पक्की होण्यापूर्वींच तो हरवला. पुढें २००३ च्या फेब्रुवारीच्या ११ तारखेस अमेरिकेंतील न्यू मेक्सिको येथील दुर्बिणीनें एक टिपला; त्याचीं मापें नीट बसलीं आणि तो सर्वकाळ पृथ्वीच्या वाटेच्या आंतच असतो हें सिद्ध झालें. पॉनी नांवाच्या तेथील मूळच्या लोकांच्या भूदेवतेवरून त्याला अतिरा हें नांव देण्यांत आलें. त्याचा व्यास सुमारें ५ किलोमीटर आहे आणि सूर्याभोंवतीं त्याची एक फेरी २३३ दिवसांत होते. सूर्यापासून अत्यंत दूर असतो तेव्हांहि तो पृथ्वीच्या सूर्याला अत्यंत जवळच्या बिंदूच्या आंतच राहतो. त्याच्याभोंवतीं एक लहानसा सोबती फिरतो ही गोष्ट कळावयास आणखी चौदा वर्षें लागलीं. २०१७ सालीं आरेसिबोच्या रडारनें ती उघड केली. अतिराच्या जातीचे जे लघुग्रह मागाहून सांपडले त्यांना अतिरावर्गीय असेंच म्हणतात.

त्यांतला एक तर शुक्राच्याहि वाटेच्या आंत आहे. २०२० च्या जानेवारीच्या ४ तारखेस कॅलिफोर्नियांतील पालोमार डोंगरावरून तो दिसला. ज्या लोकांच्या पूर्वजांचा तो डोंगर, त्यांच्याच भाषेंतून त्याचें नांव घेतलें आहे: आयलोचाख्निम, म्हणजे शुक्रकन्या. डोंगर ज्यांच्याकडून गेला त्यांना नांव ठेवण्याचा मान मिळाला, यांत न्याय किती आणि शिष्टाचार किती हा वेगळा प्रश्न आहे. नांव मात्र सुंदर आहे यांत शंका नाहीं.

हे लघुग्रह इतके दिवस कां सांपडले नाहींत हें समजण्यास गणित लागत नाहीं. लघुग्रह स्वयंप्रकाशी नसतात. त्यांच्यावर पडलेला सूर्याचा उजेडच आपणांस दिसतो. जे पृथ्वीच्या वाटेबाहेर असतात ते मध्यरात्रीं डोक्यावर येऊं शकतात. त्या वेळीं सूर्य आपल्या पाठीशीं असतो, त्यांची उजळलेली बाजू पौर्णिमेच्या चंद्राप्रमाणें आपल्याकडे वळलेली असते, आणि काळोखाचे पुष्कळ तास हातांत असतात. आंतल्या लघुग्रहाला मध्यरात्रीचें आकाश कधींच लाभत नाहीं. सूर्य मावळल्यावर पश्चिमेस घटकाभर, किंवा तो उगवण्यापूर्वीं पूर्वेस घटकाभर, एवढाच त्याचा काळ. आणि तोहि संधिप्रकाशांत व क्षितिजालगतच्या धुरकट हवेंतून पाहावयाचा. शिवाय तो आपल्या अगदीं जवळ येतो तेव्हां अमावास्येच्या चंद्राप्रमाणें त्याची काळी बाजू आपल्याकडे असते. दूर असतो तेव्हां लहान म्हणून दिसत नाहीं, जवळ येतो तेव्हां काळा म्हणून दिसत नाहीं! पृथ्वीच्या आसपास वावरणारे लघुग्रह आजपर्यंत ३५,००० हून अधिक सांपडले आहेत. त्यांत अतिरावर्गाचे जेमतेम तीसहून कांहीं अधिक. म्हणजे हजारांत एक. अभ्यासकांचें गणित असें सांगतें कीं सारख्या आकाराचे लघुग्रह घेतले तर हें प्रमाण शेंकडा एकाच्या जवळपास असावें. ही दहापट तफावत आपल्या पाहण्यानें निर्माण केली आहे. आकाशाचा तींत कांहीं अपराध नाहीं.

सूर्याच्या तेजांत तारे आणि ग्रह लोपतात ही गोष्ट आपल्याकडील ज्योतिषांना नवी नव्हती. सूर्यसिद्धान्तांत ग्रहांच्या उदयास्तांना एक स्वतंत्र अधिकार दिलेला आहे. कोणता ग्रह सूर्यापासून किती अंतरावर आला म्हणजे दिसेनासा होतो याचे अंश तेथें ठरविलेले आहेत: गुरूला ११, शनीला १५, मंगळाला १७, आणि शुक्राला त्याच्या तेजस्वीपणामुळें ८ किंवा १०. यांना कालांश म्हणतात. रत्नागिरी जिल्ह्यांतील मुरूडचे शंकर बाळकृष्ण दीक्षित यांनीं भारतीय ज्योतिषशास्त्राचा आपला इतिहास १८९६ सालीं प्रसिद्ध केला. त्यांच्यासारख्या शोधकाला हा विषय महत्त्वाचा वाटला हें ठीकच आहे. परंतु ज्यांना सूर्यसिद्धान्ताचें नांवहि ठाऊक नाहीं अशा शेंकडों घरांतून हे अंश आजहि पाळले जातात. गुरूचा किंवा शुक्राचा अस्त असला म्हणजे लग्नाची तिथि निघत नाहीं. वधूपिता पंचांग चाळतो, अस्त केव्हां संपतो तें पाहतो, आणि तोंवर मंगलकार्य पुढें ढकलतो. शुक्र न दिसण्याचा आणि संसार सुखाचा होण्याचा कांहीं संबंध आहे असें मला वाटत नाहीं. तथापि या रूढींत एक बौद्धिक प्रामाणिकपणा आहे आणि त्याची थट्टा करणाऱ्यांच्या लक्षांत तो क्वचितच येतो. अमुक दिवसापासून अमुक दिवसापर्यंत आम्हांस हा ग्रह दिसणार नाहीं, असें पंचांगकर्ता आधींच छापून मोकळा होतो. आपल्या न दिसण्याची मुदत तो तारीखवार सांगतो. आपल्याकडील किती शास्त्रें, किती संस्था आणि किती वर्तमानपत्रें आपल्या न दिसण्याचें असें पंचांग प्रसिद्ध करतात?

पण ही स्तुति येथेंच थांबविली पाहिजे. शुक्राचा अस्त वर्तवितां येतो तो शुक्र आधीं पाहिलेला आहे म्हणून. मांडवीच्या उपमेंत बोलावयाचें तर ती पहिली होडी आहे, पट्ट्यांत शिरतांना दिसलेली. ज्याचा उदयच कधीं कोणीं पाहिला नाहीं त्याच्या अस्ताची तारीख कोणत्या पंचांगानें द्यावी? ज्ञाताच्या लोपाचा हिशेब ठेवणें ही एक गोष्ट, आणि अज्ञाताला जागा राखून ठेवणें ही दुसरी; पहिली आमच्या पूर्वजांना उत्तम साधली होती, दुसरी त्यांनाहि साधली नव्हती आणि इतर कोणालाहि सहज साधत नाहीं.

कारण अज्ञाताला जागा राखून ठेवावी तर ती जागा लागलींच कल्पनेनें भरून निघते. याचें एक ठळक उदाहरण एकोणिसाव्या शतकांत घडलें. बुधाच्या कक्षेंत एक बारीकशी विसंगति होती. गणितानें यावी त्याहून ती कक्षा शतकांत सुमारें ४३ विकला अधिक सरकत असे. नेपच्यूनचें स्थान गणितानें दाखवून देणारा फ्रेंच ज्योतिषी ल व्हेरिए यानें १८५९ सालीं असें अनुमान बांधलें कीं बुधाच्याहि आंत कांहीं द्रव्य फिरत असावें. त्याच वर्षीं एका खेडेगांवच्या डॉक्टरनें सूर्यबिंबावरून एक काळा ठिपका सरकतांना पाहिल्याचें कळविलें, आणि व्हल्कन या ग्रहाचें नामकरण झालें. पुढें जवळजवळ पन्नास वर्षें प्रत्येक खग्रास सूर्यग्रहणांत हा ग्रह शोधणारे निघत राहिले, कारण दिवसाढवळ्या सूर्याच्या शेजारीं पाहावयाचें तर ग्रहणाच्या त्या दोनतीन मिनिटांखेरीज दुसरी संधि नव्हती. १८७८ च्या ग्रहणांत अमेरिकेंतील दोन नामांकित निरीक्षकांनीं तो पाहिल्याचेंहि जाहीर केलें.

खग्रास ग्रहणाची ती मिनिटें किती मोलाचीं मानलीं जात याची आठवण आपल्या किनाऱ्यावरहि आहे. १८९८ च्या जानेवारीच्या २२ तारखेस जें ग्रहण झालें त्यासाठीं सर नॉर्मन लॉकियर यांनीं विजयदुर्गास तळ दिला होता, आणि विजयदुर्ग त्या काळीं रत्नागिरी जिल्ह्यांतच मोडत असे. तिकडे करमाळ्याजवळील जेऊर येथें लिक वेधशाळेचे कॅम्बेल आणि पुण्याचे नायगांववाला हे आपापलीं यंत्रें घेऊन बसले होते. सूर्याच्या कडेचा वर्णपट मिळविणें हा लॉकियर यांचा हेतु होता. व्हल्कनचा निकाल लावला तो विसाव्या शतकाच्या आरंभीं लिक वेधशाळेनें ग्रहणांत घेतलेल्या छायाचित्रांनीं. ज्याच्यामुळें बुध विचलित व्हावा असा कोणताहि ग्रह त्यांत नव्हता. १९१५ सालीं आइन्स्टाइननें त्या ४३ विकलांचा हिशेब गुरुत्वाकर्षणाच्या नव्या उपपत्तीनें चुकता केला, आणि व्हल्कनची गरजच उरली नाहीं. या कथेला एक मौजेची पुरवणी आहे. २०२१ सालीं चिली देशांतील दुर्बिणीनें जो अतिरावर्गीय लघुग्रह सांपडला आणि ज्याची सूर्यप्रदक्षिणा अवघ्या ११४ दिवसांत होते, त्याची कक्षा आइन्स्टाइनच्याच नियमानें शतकांत सुमारें ५३ विकला सरकते. ज्या नियमानें एका काल्पनिक रहिवाशाला त्या अंगणांतून घालवून दिलें, त्याचा खऱ्या रहिवाशावरील अंमल बुधाहूनहि अधिक निघाला.

तेव्हां उजेडाच्या या पट्ट्याशीं दोन तऱ्हांनीं चुकतां येतें. तेथें कांहीं नाहीं म्हणून पाहावयाचेंच नाहीं, ही एक तऱ्हा. आणि तेथें कांहीं असलेंच पाहिजे म्हणून पाहावयाचें व डोळे दिपले असतां जें चमकेल त्याला ग्रह म्हणावयाचें, ही दुसरी. दुसऱ्या चुकीची शिक्षा लौकर मिळते, कारण खोटा ग्रह आज ना उद्यां उघडकीस येतो. पहिली चूक वर्षानुवर्षें सुखानें नांदते.

आतां खरा नैतिक प्रश्न येतो. ‘आम्हांस ठाऊक नव्हतें’ ही सबब केव्हां मान्य करावी? १८६० च्या भारतीय दंडसंहितेनें वस्तुस्थितीविषयींच्या गैरसमजाला क्षमा केली होती, पण तो गैरसमज सद्भावानें झालेला असला पाहिजे अशी अट घातली होती. आणि योग्य ती काळजी व अवधान यांवांचून केलेल्या गोष्टीला सद्भावाची म्हणतां येणार नाहीं असेंहि तिनें सांगून ठेवलें होतें. २०२४ च्या जुलैपासून नवी न्याय संहिता आली, तरी सद्भावाची ही कसोटी तिनें टाकून दिलेली नाहीं. म्हणजे कायदा देखील ज्ञान किती होतें एवढ्यावरच थांबत नाहीं, पाहण्याची खटपट किती केली हेंहि विचारतो. या कसोटीला लघुग्रह शोधणारा उतरतो काय? मला वाटतें, उतरतो. ज्याच्याजवळ एकच दुर्बीण आणि मोजक्याच रात्री आहेत त्यानें मध्यरात्रीच्या आकाशाकडे ती वळविली तर एका रात्रींत त्याला पुष्कळ मिळतें. संधिप्रकाशांत महिना घालविला तरी कदाचित् कांहींच मिळत नाहीं. सोपी दिशा निवडणें हा अपराध नव्हे. अपराधाला सुरुवात होते ती पुढच्या वाक्यापासून. ‘इकडे पाहिलें, इतके सांपडले, तिकडे पाहिलें नाहीं’ हें वाक्य खरें आहे. ‘एकंदर इतके आहेत’ हें वाक्य त्याच आंकड्यांवरून तयार होतें, ऐकावयास अधिक भारदस्त लागतें, आणि खोटें असतें. पाहिलें नाहीं याचें रूपांतर नाहीं यांत होतें तें नकळत, दोन शब्द गाळण्याच्या सोयीसाठीं.

या सोयीची किंमत एकदां एका शहरानें भरली आहे. २०१३ च्या फेब्रुवारीच्या १५ तारखेस सर्व वेधशाळांचें लक्ष एका पाहुण्याकडे लागलें होतें. तो लघुग्रह वर्षभर आधींच हेरलेला होता. तो पृथ्वीपासून सुमारें २७,७०० किलोमीटरवरून निघून जाईल हें गणितानें ठरलें होतें, आणि त्याप्रमाणें तो निमूटपणें निघूनहि गेला. त्याच दिवशीं कांहीं तास आधीं रशियांतील चेल्याबिन्स्क शहरावर दुसराच एक दगड येऊन फुटला. तो सुमारें २० मीटर व्यासाचा होता, पहिल्याशीं त्याचा कांहींएक संबंध नव्हता, आणि तो सूर्याच्या बाजूनें आल्यामुळें कोणालाहि दिसला नव्हता. सकाळीं आकाशांत सूर्याहूनहि प्रखर असा लोळ दिसला. तो काय आहे हें पाहण्यास लोक खिडक्यांशीं गेले. थोड्या वेळानें हवेचा धक्का आला आणि तावदानें फुटून त्यांच्या अंगांत शिरलीं. सुमारें १,५०० लोकांना औषधोपचार घ्यावे लागले. सुदैवानें कोणी दगावलें नाहीं. ज्याची वाट पाहिली जात होती तो सज्जनासारखा गेला, आणि ज्याची वाट कोणी पाहत नव्हतें तो घरांत शिरला. जे जखमी झाले त्यांतले पुष्कळ उजेड पाहावयास गेले म्हणून झाले, ही गोष्ट मनाला विशेष लागते.

दुसरी हकीकत आपल्या महाराष्ट्रांतली आहे. २०२० च्या ऑगस्टची १६ तारीख. नारळी पौर्णिमा होऊन तेरा दिवस लोटले होते. सकाळीं साडेनऊच्या पुढें, मोटारीएवढा एक दगड हिंदी महासागराच्या दक्षिण भागावरून अवघ्या २,९५० किलोमीटर उंचीनें, सेकंदास सुमारें १२ किलोमीटर वेगानें निघून गेला. पृथ्वीच्या ओढीनें त्याची वाट सुमारें ४५ अंशांनीं वळली. पृथ्वीला न आपटतां इतक्या जवळून गेलेला दुसरा लघुग्रह तोंवर नोंदलेला नव्हता. तो सूर्याकडून आला, म्हणून येतांना कोणींच पाहिला नाहीं. सहा तासांनीं, तो दूर जात असतां, पालोमारच्या दुर्बिणीनें घेतलेल्या छायाचित्रांत एक बारीक रेघ उमटली. अशा रेघा यंत्र निवडून ठेवतें, पण खरी कोणती आणि खोटी कोणती हें माणसालाच पाहावें लागतें. पवईच्या भारतीय तंत्रज्ञान संस्थेंतील कुणाल देशमुख आणि कृत्ती शर्मा हे विद्यार्थी ती छायाचित्रें तपाशीत होते. तैवानमधील एक सहकारीहि त्या कामांत होता. ती रेघ त्यांनीं ओळखली. त्या दगडाला २०२० क्यूजी अशी रुक्ष संज्ञा आहे.

तो दगड तीन ते सहा मीटरांचा. पडता तरी बहुधा वरच्या हवेंतच जळून जाता. तेव्हां भीति वाटावी असें त्यांत कांहीं नव्हतें. परंतु कोणी विचारील कीं गेल्यावर कळलें त्याचा उपयोग काय? चोर निघून गेल्यावर त्याचीं पावलें मोजणाऱ्या जागल्याचें कौतुक काय म्हणून करावें? या प्रश्नाला माझें उत्तर असें आहे. पावलें मोजल्यावांचून चोर येतात हेंच सिद्ध होत नाहीं. त्या सहा तासांच्या उशिरानें जें ज्ञान मिळालें तें त्या एका दगडाविषयीं थोडें आणि आपल्या पहाऱ्याविषयीं पुष्कळ होतें. पहाऱ्याला एक दार आहे, तें उघडें आहे, आणि त्यांतून ये-जा चालू आहे, हें त्या रेघेनें दाखविलें. पवईच्या विद्यार्थ्यांना ती रेघ सोडून देणें सहज शक्य होतें. असंख्य खोट्या रेघांत ती आणखी एक म्हणून खपली असती, कोणाचें कांहीं बिघडलें नसतें, आणि आकाश त्या दिवशीं रिकामें होतें अशीच नोंद राहिली असती.

याहून कठीण आक्षेप दुसरा आहे, आणि त्याला तोंड दिलेंच पाहिजे. अतिरावर्गाचे लघुग्रह पृथ्वीची वाट ओलांडीत नाहींत, म्हणून आज ते आपल्यावर पडूं शकत नाहींत. बुध, शुक्र आणि पृथ्वी यांच्या ओढींनीं त्यांच्या कक्षा हळूहळू बदलतात आणि त्यांतला एखादा पुढें केव्हां तरी आपल्या वाटेवर येऊं शकेल, एवढेंच. आपल्या भूमीला अशा आघाताचा अनुभव नाहीं असेंहि नाहीं. बुलढाणा जिल्ह्यांतील लोणारचें सरोवर ज्या खळग्यांत आहे तो सुमारें १.८ किलोमीटर रुंदीचा खळगा आकाशांतून आलेल्या वस्तूनेंच पाडलेला आहे. पण तो केव्हां पडला? एका मापानें सुमारें ५० हजार वर्षांपूर्वीं, दुसऱ्या मापानें पांच लाखांहूनहि अधिक. इतक्या दुर्मिळ संकटासाठीं डोळे ताणून बसावें, आणि ज्या तालुक्यांत रात्रीं वेळेवर वैद्य मिळत नाहीं तेथल्या मनुष्यानें त्याचें कौतुक करावें, ही चैन नव्हे काय? मी हा आक्षेप उडवून लावीत नाहीं. पैसा कोठें आधीं खर्चावा हा प्रश्न असेल तर वैद्य आधीं, दुर्बीण मागाहून. परंतु खरें बोलण्यास पैसा लागत नाहीं. ज्याच्यापाशीं एकहि दुर्बीण नाहीं त्यालासुद्धां ‘तिकडे आम्हीं पाहिलेलें नाहीं’ असें म्हणतां येतें. आणि मौज अशी कीं हेंच वाक्य वैद्यांच्या बाबतींतहि तितकेंच उपयोगी आहे. ज्या वस्तींत कोणी तपासावयासच गेलें नाहीं त्या वस्तींत रोगी नाहींत, असे कागद आपल्या ओळखीचे आहेत.

उजेडानें झांकलें जाण्याचा हा प्रकार मनुष्यांतहि आहे. एखादा पुरुष कर्तृत्वानें तळपूं लागला म्हणजे त्याच्यापासून दूर असलेलीं माणसें त्याच्याच प्रकाशानें उजळतात आणि स्पष्ट दिसतात: त्याचे शिष्य, त्याचे प्रतिपक्षी, सभेंत समोर बसलेले श्रोते. दिसत नाहींत तीं त्याच्या अगदीं जवळचीं. आपल्याकडील थोरांचीं चरित्रें वाचावींत. घरांतील माणसें लग्नाच्या पानावर एकदां येतात आणि मृत्यूच्या पानावर एकदां. तीं कोणीं मुद्दाम लपविलीं असें नाहीं. पाहणाऱ्याचे डोळे दिपलेले होते, एवढेंच. तीं दिसावयाचीं तर बहुधा संधिप्रकाशांत, सूर्य मावळल्यावर. न्यायमूर्ति रानडे १९०१ सालीं गेले आणि रमाबाईंच्या आठवणी १९१० सालीं प्रसिद्ध झाल्या. रेव्हरंड टिळक १९१९ सालीं गेले आणि लक्ष्मीबाईंचीं स्मृतिचित्रें १९३४ पासून पुस्तकरूपानें येऊं लागलीं. हीं पुस्तकें निघालीं तेव्हां लोकांना आश्चर्य वाटलें कीं इतकी बुद्धि आणि इतका विनोद इतके दिवस त्या घरांत होता! तो होताच. पण ज्या घरांतून असें पुस्तक निघालें नाहीं त्या घरांत कांहीं नव्हतें असें आपण आजहि समजतों. येथेंहि पुन्हा ते दोन शब्द आपण गाळतों.

सूर्याच्या बाजूला पाहण्याची एक नवी योजना सध्यां चालू आहे. उष्णतेच्या किरणांनीं पाहणारी एक दुर्बीण, पृथ्वीपासून सूर्याच्या दिशेला सुमारें १५ लक्ष किलोमीटरवर नेऊन ठेवावयाची आहे. ती २०२७ च्या सप्टेंबरापूर्वीं सुटणार नाहीं. तेथें संधिप्रकाश नाहीं, धुरकट हवा नाहीं, आणि दगड काळा असला तरी तो तापलेला असतो, म्हणून त्याची उष्णता तिला जाणवेल. चेल्याबिन्स्कच्या बाजूचा पुष्कळसा भाग तिच्या टप्प्यांत येईल. तिच्या कर्त्यांनीं एक आंकडा मात्र आधींच सांगून ठेवला आहे: सूर्यापासून ४५ अंशांच्या आंत ती पाहणार नाहीं, कारण तेथें तीहि दिपते. शुक्राला सूर्यसिद्धान्तानें आठ किंवा दहा कालांश दिले होते. या नव्या डोळ्याचे कालांश पंचेचाळीस. आयलोचाख्निम सूर्यापासून फार तर बेचाळीस अंशांपर्यंत दूर जातो.